सिंथिया रॉथरॉक

सिंथिया रॉथरॉक (जन्म : ८ मार्च १९५७, विल्मिंग्टन, डेलावेअर, अमेरिका – हयात) ह्या अमेरिकी मार्शल आर्ट्स खेळाडू, प्रशिक्षिका व चित्रपट अभिनेत्री आहेत. १९८१ ते १९८५ ह्या काळात त्या काता व शस्त्रप्रात्यक्षिके ह्या प्रकारांत अपराजित जगज्जेत्या होत्या. १९८५ साली 'येस, मॅडम' ह्या चित्रपटाद्वारे त्यांनी हाँगकाँगच्या चित्रसृष्टीत पदार्पण केले. त्या काळी तेथील चित्रपटांत पाश्चात्त्य लढवय्याच्या वाट्याला बहुधा नायकाकडून मार खाणाऱ्या खलपुरुषाचीच भूमिका येई. अशा ठिकाणी नायिका म्हणून मान्यता मिळवणाऱ्या मोजक्या पाश्चात्त्य कलाकारांत रॉथरॉक ह्यांची गणना होते. स्वदेशात ओळख होण्यापूर्वी परदेशात तारांकित झालेली कलावंत, हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय.

प्रारंभिक जीवन

रॉथरॉक ह्यांचे बालपण पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्क्रँटन ह्या शहरात गेले. कोळशाच्या खाणींमुळे वाढलेले हे शहर चित्रपटव्यवसायापासून सर्वार्थाने दूर होते. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांनी मार्शल आर्ट्सचे शिक्षण सुरू केले. त्यांच्या आईवडिलांच्या स्नेह्यांची खाजगी व्यायामशाळा हे त्यांचे पहिले शिक्षणस्थान ठरले.

प्रारंभी त्यांनी तांग सू दो ही कोरियन पद्धती आत्मसात केली. पुढे तायक्वांदो, तसेच गरुडपंजा, उत्तर शाओलिन व वूशू ह्या चिनी पद्धतींचेही त्यांनी शिक्षण घेतले आणि ह्यांपैकी अनेक शैलींत काळा पट्टा किंवा त्याच्या तोडीची श्रेणी मिळवली. कोरियन पद्धतींतील सरळ व उंच लाथा आणि चिनी पद्धतींतील वळणदार हस्तक्रिया ह्यांचा हा संयोग पुढे चित्रपटांत त्यांना विशेष उपयोगी पडला.

स्पर्धात्मक कारकीर्द

मार्शल आर्ट्सच्या स्पर्धांचे स्थूलमानाने दोन प्रकार असतात. एका प्रकारात दोन प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष लढतात. कराटेच्या वर्गांत ह्यास 'कुमिते' म्हणतात. दुसऱ्या प्रकारात स्पर्धक एकटाच काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठरावीक हालचालींची मालिका सादर करतो. तिला 'काता' म्हणतात. तोल, वेग, नेमकेपणा व आविर्भाव पाहून परीक्षक गुण देतात. रॉथरॉक ह्या दुसऱ्या प्रकाराच्या खेळाडू होत्या. रिकाम्या हाताच्या कातासोबतच तलवार, काठी, साखळी-चाबूक अशा शस्त्रांच्या प्रात्यक्षिकांतही त्यांचे प्रभुत्व होते.

त्यांनी भाग घेतलेल्या अनेक अमेरिकी स्पर्धांत ह्या प्रकारासाठी स्त्रियांचा स्वतंत्र गट नसे. त्यामुळे त्यांना पुरुष स्पर्धकांच्या बरोबरीने उतरावे लागे, आणि त्यांनी मिळवलेली अनेक विजेतीपदे अशा मिश्र गटांतील आहेत. १९८२ च्या सुमारास त्या देशातील अग्रगण्य काता-स्पर्धकांपैकी एक मानल्या जाऊ लागल्या. अमेरिकी मार्शल आर्ट्स नियतकालिकांनी त्यांची छायाचित्रे मुखपृष्ठांवर छापली. तथापि ह्या खेळाला व्यावसायिक स्वरूप नव्हते. विजेतेपदामुळे सन्मान मिळे, परंतु उपजीविकेचे साधन बहुधा अध्यापन व प्रात्यक्षिके हेच असे.

हाँगकाँगमधील कारकीर्द

निवड

१९८३ साली रॉथरॉक उत्तर कॅलिफोर्नियात राहत होत्या आणि एर्नी रेयेस ह्यांच्या 'वेस्ट कोस्ट डेमॉन्स्ट्रेशन टीम' ह्या प्रात्यक्षिक-पथकाच्या सदस्या होत्या. १९७० साली रेमंड चाउ व लेनर्ड हो ह्यांनी स्थापन केलेली 'गोल्डन हार्वेस्ट' ही हाँगकाँगची चित्रपटसंस्था त्या सुमारास अमेरिकेत नव्या चेहऱ्याच्या शोधात होती. ब्रूस ली ह्यांना तारांकित करणारी हीच संस्था होय. शोध मुख्यतः पुरुष कलाकाराचा होता. परंतु प्रात्यक्षिक पाहिल्यानंतर करार रॉथरॉक ह्यांच्याशी झाला. ह्यानंतर पहिला चित्रपट पडद्यावर येईपर्यंत सुमारे दोन वर्षे गेली.

ह्या घटनेला एक पूर्वपीठिका आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले ब्रूस ली अमेरिकेत 'द ग्रीन हॉर्नेट' (१९६६-६७) ह्या दूरचित्रवाणी मालिकेतील दुय्यम भूमिकेपलीकडे फारसे जाऊ शकले नव्हते. १९७१ च्या 'द बिग बॉस' ह्या हाँगकाँगच्या चित्रपटानेच त्यांना नायकपद दिले. अमेरिकेने ज्या कौशल्याला मुख्य भूमिका नाकारली, त्याला हाँगकाँगमध्ये वाव मिळाल्याचे हे आधीचे उदाहरण होते. फरक इतकाच, की ली हे लहानपण हाँगकाँगमध्ये गेलेले व तेथील भाषा बोलणारे होते; रॉथरॉक ह्यांना भाषा, समाज व व्यवसाय ही तिन्ही क्षेत्रे अपरिचित होती.

'येस, मॅडम'

'येस, मॅडम' (१९८५) हा चित्रपट डिक्सन पून, समो हंग व जॉन शम ह्यांच्या 'डी अँड बी फिल्म्स' ह्या संस्थेने काढला. दिग्दर्शन कोरी युएन ह्यांचे होते. एका खुनाच्या प्रकरणातील सूक्ष्मचित्रफीत तीन भुरट्या चोरांच्या हाती नकळत पडते आणि तिच्या शोधात दोन स्त्री पोलीस अधिकारी एकत्र येतात, असे त्याचे कथानक आहे. हाँगकाँगच्या अधिकाऱ्याची भूमिका मिशेल यो ह्यांनी, तर स्कॉटलंड यार्डकडून आलेल्या कॅरी मॉरिस ह्या अधिकाऱ्याची भूमिका रॉथरॉक ह्यांनी केली.

दोन्ही नायिका ह्या व्यवसायात बाहेरूनच आलेल्या होत्या. मलेशियातील इपोह येथे जन्मलेल्या यो ह्यांचे शिक्षण बॅले नृत्याचे होते. मार्शल आर्ट्सचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. रॉथरॉक ह्यांच्याकडे युद्धकला होती, पण अभिनयाचा अनुभव नव्हता. एकीने नर्तिकेच्या लवचीकतेतून लढाई शिकावी आणि दुसरीने लढाईतून अभिनय शिकावा, असा हा योग होता. काचेच्या तावदानांनी भरलेल्या दालनातील शेवटची दीर्घ लढत विशेष गाजली. चित्रपट यशस्वी ठरला आणि स्त्री पोलीस अधिकाऱ्यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मारधाडपटांची एक लाट हाँगकाँगमध्ये आली.

चित्रीकरणाची पद्धत

समो हंग, कोरी युएन, युएन बियाओ व जॅकी चॅन हे सर्व यू जिम-युएन ह्या गुरूंच्या हाँगकाँगमधील पेकिंग ऑपेरा विद्यालयात लहानपणापासून शिकलेले होते. गायन, अभिनय, कसरत व शस्त्रकौशल्य ह्यांचे एकत्रित शिक्षण ह्या परंपरेत मिळे. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने पडद्यावरील लढत ही तालबद्ध रचना होती. ती बहुधा आधी कागदावर उतरवलेली नसे; चित्रीकरणस्थळीच ती बसवली जाई, थोड्या थोड्या हालचालींच्या तुकड्यांत चित्रित होई आणि प्रत्येक तुकडा मनासारखा साधेपर्यंत पुन्हा पुन्हा केला जाई. फटके अनेकदा खरोखरच अंगावर बसत. पडणे, आदळणे व काचा फोडणे हा दैनंदिन कामाचा भाग होता.

काता-स्पर्धकाचे शिक्षण ह्या पद्धतीला अनुकूल ठरले. प्रत्यक्ष लढतीत खेळाडू आपला हेतू लपवतो. कातामध्ये तोच हेतू दूरवर बसलेल्या परीक्षकांना स्पष्ट दिसावा लागतो. पूर्ण ताणलेली लाथ, क्षणभराचा ठहराव आणि नेमका आविर्भाव ही कातातील गुणप्राप्तीची साधने कॅमेऱ्यासमोरही प्रभावी ठरतात. दीर्घ मालिका अचूक लक्षात ठेवून वारंवार तशीच करून दाखवण्याची सवयही उपयोगी पडली. मात्र समोरच्या व्यक्तीच्या हालचालीशी आपला ताल जुळवणे हा भाग रॉथरॉक ह्यांना कामातूनच शिकावा लागला, कारण कातामध्ये समोर कोणी नसते.

भाषेचा अडसर एका तांत्रिक प्रथेमुळे सुसह्य झाला. त्या काळी हाँगकाँगचे बहुसंख्य चित्रपट ध्वनीविना चित्रित होत आणि संवाद नंतर ध्वनिमुद्रित केले जात. त्यामुळे कँटोनीज न जाणणारा कलाकारही काम करू शके. त्याचा आवाज दुसऱ्याचा असे. ह्या सोयीची दुसरी बाजू अशी, की कलाकाराची ओळख मुख्यतः देहाच्या हालचालींतूनच घडे आणि संवादाभिनयाची कसोटी लागत नसे.

पुढील चित्रपट

१९८६ साली समो हंग दिग्दर्शित 'द मिलियनेअर्स एक्सप्रेस' ह्या बहुतारांकित चित्रपटात रॉथरॉक ह्यांनी दरोडेखोरांच्या टोळीतील स्त्रीची भूमिका केली. ह्यातील हंग ह्यांच्याशी झालेली त्यांची लढत प्रसिद्ध आहे. त्याच वर्षीच्या वाँग जिंग दिग्दर्शित 'मॅजिक क्रिस्टल'मध्ये त्यांच्यासोबत अँडी लाउ व ऑस्ट्रेलियन कलाकार रिचर्ड नॉर्टन होते.

कोरी युएन दिग्दर्शित 'राइटिंग राँग्ज' (१९८६) हा त्यांच्या उत्कृष्ट चित्रपटांपैकी एक मानला जातो. कायद्याच्या मार्गाने न्याय मिळत नाही असे पाहून गुन्हेगारांना स्वतःच शिक्षा देऊ लागणारा सरकारी वकील युएन बियाओ ह्यांनी रंगवला असून, त्याचा छडा लावणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका रॉथरॉक ह्यांची आहे. निरनिराळ्या देशांत दाखवलेल्या आवृत्त्यांमध्ये चित्रपटाचा शेवट वेगवेगळा आहे. ह्यात कॅरेन शेपर्ड ह्यांच्याशी त्यांची लढत आहे. शेपर्ड ह्यादेखील अमेरिकेतील नामांकित काता-विजेत्या होत्या. स्पर्धेच्या आखाड्यातील दोन अमेरिकी स्त्रियांचा सामना अशा रीतीने हाँगकाँगच्या चित्रपटात झाला.

थायलंडमध्ये चित्रित झालेला 'नो रिट्रीट, नो सरेंडर २' (१९८७), स्त्री पोलिसांच्या प्रशिक्षण-पथकावरील विनोदी 'द इन्स्पेक्टर वेअर्स स्कर्ट्स' (१९८८) आणि मँग होई दिग्दर्शित 'द ब्लाँड फ्युरी' (१९८९) हे त्यांचे ह्या कालखंडातील अन्य उल्लेखनीय चित्रपट होत. शेवटच्या चित्रपटाचे इंग्रजी नावच त्यांच्या सोनेरी केसांवरून दिलेले आहे. परकीय रूप हे अडचण न राहता चित्रपटाच्या जाहिरातीचे साधन बनल्याचे ते द्योतक मानता येईल.

अमेरिकेत पुनरागमन

१९८८ साली रॉथरॉक ह्यांनी हाँगकाँगमधील वास्तव्य संपवले. गोल्डन हार्वेस्टने त्यांना केंद्रस्थानी ठेवून 'चायना ओब्रायन' व त्याचा उत्तरार्ध हे दोन चित्रपट युटा राज्यात लागोपाठ चित्रित केले. दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ हे ब्रूस ली ह्यांच्या 'एंटर द ड्रॅगन' (१९७३) ह्या चित्रपटाचे दिग्दर्शक होते. लहान गावातील भ्रष्ट सत्तेविरुद्ध उभी राहणारी पोलीस अधिकारी ही ह्यातील नायिका आहे. हे चित्रपट अमेरिकेत मुख्यतः व्हिडिओ कॅसेटद्वारेच प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

त्यानंतर 'मार्शल लॉ' (१९९०) व त्याचा दुसरा भाग (१९९१), 'टायगर क्लॉज' (१९९१), 'रेज अँड ऑनर' (१९९२) अशा चित्रपटांतून त्या सातत्याने दिसू लागल्या. पुढील सुमारे दहा वर्षांत त्यांच्या चित्रपटांची संख्या तीसच्या घरात गेली. हे बहुतेक चित्रपट अल्प खर्चाचे होते. त्यांची उलाढाल कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांवर, केबल वाहिन्यांवर आणि परदेशांत आगाऊ विकल्या जाणाऱ्या हक्कांवर अवलंबून होती. मोठ्या अमेरिकी चित्रपटसंस्थांच्या मारधाडपटांत ह्या काळात पुरुष नायकांचेच वर्चस्व होते आणि लढवय्या स्त्रीला मध्यवर्ती स्थान क्वचितच मिळे.

चित्रीकरणाच्या रीतीतील फरकाचाही परिणाम झाला. हाँगकाँगमध्ये एकाच लढतीसाठी अनेक दिवस दिले जात. अल्प खर्चाच्या अमेरिकी चित्रपटांचे वेळापत्रक इतके आटोपशीर असे, की लढत बसवण्यास व ती पुन्हा पुन्हा चित्रित करण्यास पुरेसा अवधी मिळत नसे. शिवाय हाँगकाँगमध्ये समोर लढणारे सहकलाकार पेकिंग ऑपेरात किंवा त्याच परंपरेतील साहसदृश्य-पथकांत तयार झालेले असत. फटका देणाऱ्याचे कौशल्य हे फटका खाणाऱ्याच्या कौशल्याशिवाय पडद्यावर उठून दिसत नाही. कलावंत तीच असूनही दोन्ही ठिकाणच्या लढतींच्या दर्जात जाणवणाऱ्या तफावतीचे हे एक प्रमुख कारण होय.

इंडोनेशियातील चित्रपट

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी रॉथरॉक ह्यांनी इंडोनेशियातही काम केले. डेव्हिड वर्थ दिग्दर्शित 'लेडी ड्रॅगन' (१९९२) व त्याचा पुढील भाग, तसेच 'रेज अँड ऑनर २' (१९९३) हे चित्रपट तेथे चित्रित झाले. एव्हाना आशियाई व्हिडिओ बाजारपेठेत त्यांचे नाव परिचित झाले होते, आणि त्या नावावर निर्मात्यांना अनेक देशांत चित्रपट विकता येत असे. हाँगकाँगने दिलेली प्रसिद्धी अमेरिकेत पूर्णतः वठली नाही, तरी आशियात ती टिकून होती.

लढतशैली

रॉथरॉक ह्यांच्या लढतशैलीत पुढील वैशिष्ट्ये प्रामुख्याने आढळतात :

- विंचू-लाथ : प्रतिस्पर्धी पाठीमागून धरून असताना स्वतःच्या खांद्यावरून पाय मागे नेऊन त्याच्या डोक्यावर मारलेली लाथ. विंचवाच्या नांगीप्रमाणे ती वरून येते. ही त्यांची ओळखखूण मानली जाते.
- शस्त्रकौशल्य : काठी, तलवार किंवा हाती लागेल त्या वस्तूचा शस्त्रासारखा वापर.
- मिश्र शैली : कोरियन पद्धतीच्या लाथा व चिनी पद्धतीच्या पकडी एकाच लढतीत गुंफणे.
- बदली कलाकाराशिवाय लढत : बहुतेक दृश्यांत त्या स्वतः लढतात, चेहरा स्पष्ट दिसेल अशा कोनातून दीर्घ तुकडे घेणे त्यामुळे शक्य होते.

मिशेल यो ह्यांच्याशी तुलना

'येस, मॅडम'मधील दोन नायिकांच्या पुढील वाटचालीची तुलना अनेकदा केली जाते. यो ह्यांनी १९८८ च्या विवाहानंतर काही काळ चित्रपटसंन्यास घेतला आणि १९९२ च्या 'पोलीस स्टोरी ३ : सुपरकॉप' ह्या चित्रपटातून पुनरागमन केले. 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) ह्या जेम्स बाँड चित्रपटाने त्या पाश्चात्त्य प्रेक्षकांसमोर आल्या. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) ने त्यांची अभिनेत्री म्हणून प्रतिष्ठा वाढवली आणि २०२३ साली 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स'साठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले.

यो ह्यांना हाँगकाँगमध्ये मारधाडीखेरीज भावप्रधान व ऐतिहासिक भूमिकाही मिळाल्या. कँटोनीज शिकून त्या तेथील चित्रसृष्टीचा अविभाज्य भाग बनल्या. रॉथरॉक ह्यांच्यासाठी लिहिलेल्या भूमिका मात्र बहुधा पाहुण्या पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा तत्सम असत. परकीय व्यक्ती कथेत का आली, ह्याचे कारण कथानकालाच द्यावे लागे. ज्या वेगळेपणाने त्यांना प्रवेश मिळवून दिला, त्याच वेगळेपणाने भूमिकांचे क्षेत्र मर्यादित केले.

उत्तरकाल

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॉथरॉक ह्यांचे चित्रपटांतील काम कमी झाले. 'स्वॉर्न टू जस्टिस' (१९९६) हा ह्या काळातील त्यांचा उल्लेखनीय चित्रपट होय. ह्यानंतर त्यांनी मार्शल आर्ट्सच्या अध्यापनावर भर दिला आणि निरनिराळ्या देशांत शिबिरे घेतली. 'मर्सिनरीज' (२०१४) ह्यासारख्या चित्रपटांतून त्या पुन्हा पडद्यावर दिसल्या.

ह्याच सुमारास त्यांच्या जुन्या चित्रपटांकडे नव्या पिढीचे लक्ष गेले. गॉडफ्री हो दिग्दर्शित 'अनडिफीटेबल' (१९९३) ह्या चित्रपटातील अंतिम लढत तिच्या अतिरंजिततेमुळे आंतरजालावर लोकप्रिय झाली. हाँगकाँगमधील चित्रपट पुनर्संस्कारित स्वरूपात उपलब्ध झाल्यावर त्या कामाचे गांभीर्याने पुनर्मूल्यांकन होऊ लागले.

मूल्यमापन

परदेशात जाऊन मारधाडपटांत कारकीर्द घडवणाऱ्या कलाकारांमध्ये रॉथरॉक ह्यांचे स्थान दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. पहिले असे, की 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) मधील चक नॉरिस किंवा 'व्हील्स ऑन मील्स' (१९८४) मधील बेनी उर्किडेझ ह्यांच्यासारखे नामांकित अमेरिकी खेळाडू हाँगकाँगच्या चित्रपटांत नायकाचे प्रतिस्पर्धी म्हणून झळकले. रॉथरॉक ह्यांना मात्र प्रेक्षकांची सहानुभूती लाभणारी मुख्य भूमिका मिळाली. दुसरे असे, की स्त्रीची लढत ही स्वतंत्र आकर्षण ठरू शकते, हे सिद्ध करणाऱ्या चित्रपटांच्या प्रारंभकाळात त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता.

त्यांच्या कारकिर्दीतून चित्रपटव्यवसायाचे एक वास्तवही स्पष्ट होते. मार्शल आर्ट्समधील प्रावीण्य व्यक्तीसोबत देशोदेशी जाते. परंतु ते प्रावीण्य पडद्यावर उतरवणारे दिग्दर्शक, सहकलाकार, वेळ व प्रेक्षकवर्ग तिच्यासोबत प्रवास करीत नाहीत. हाँगकाँगमधील अवघ्या काही वर्षांतले काम त्यांच्या नंतरच्या दीर्घ चित्रसूचीपेक्षा अधिक स्मरणात राहिले, ह्याचे कारण त्यात आढळते.

निवडक चित्रपट

- येस, मॅडम (१९८५)
- द मिलियनेअर्स एक्सप्रेस (१९८६)
- राइटिंग राँग्ज (१९८६)
- मॅजिक क्रिस्टल (१९८६)
- नो रिट्रीट, नो सरेंडर २ (१९८७)
- द इन्स्पेक्टर वेअर्स स्कर्ट्स (१९८८)
- द ब्लाँड फ्युरी (१९८९)
- चायना ओब्रायन (१९९०)
- मार्शल लॉ (१९९०)
- टायगर क्लॉज (१९९१)
- रेज अँड ऑनर (१९९२)
- लेडी ड्रॅगन (१९९२)
- अनडिफीटेबल (१९९३)
- स्वॉर्न टू जस्टिस (१९९६)
- मर्सिनरीज (२०१४)